आत्याला विचारलं का?

कोथरूडची आत्याची सोसायटी रीडेव्हलपमेंटला निघाली आहे. तोवर तिने भाड्याच्या घरात राहायचं, वृद्धाश्रमात, की दादाकडे वाकडला, यावर आमच्या फॅमिली ग्रुपवर महिनाभर खल चाललाय. आत्या सोडून सगळे बोलले. मी विचारलं, "आत्याला विचारलं का?" दादाचं उत्तर आलं: "तिला डिमेन्शिया आहे, काय विचारायचं? कुलमुखत्यारपत्र आहे माझ्याकडे. आणि म्हाताऱ्यांना एकटं टाकणाऱ्या देशात बसून तू आम्हाला शिकवू नकोस."

झोंबलं. कारण इंग्लंडमध्ये लेस्टरला मी हेच काम करते: म्हाताऱ्या माणसांना त्यांचं काय करायचं ते त्यांनाच विचारायचं.

इथला २००५ चा मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट सांगतो, माणसाला निर्णय घेता येतो असंच धरून चाला. येत नसेल, तर ते आम्ही दाखवून द्यायचं, तेही त्या एका निर्णयापुरतं. बँकेचे व्यवहार जमत नसले, तरी कुठे राहायचं हे कळू शकतं. निर्णय आम्हाला अविचाराचा वाटला, एवढ्यावरून तो काढून घेता येत नाही.

एका आजींना मी सकाळीच भेटायचे, दुपारनंतर त्यांचा गोंधळ उडायचा. आधी कानातल्या मशीनची बॅटरी बदलली, मग कुठे राहायचं ते विचारलं. जिन्यावरून पडून झालं होतं. म्हणाल्या, "पुन्हा पडेन, पण माझ्या घरात पडेन." मुलगा चिडला. आजी घरीच राहिल्या. दाराशी की सेफ, म्हणजे चावी ठेवायची आकड्यांच्या कुलपाची डबी, बसला, दिवसातून चारदा केअरर येऊ लागली. कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या पालिकेकडे, पैसा नाही, माणसं नाहीत, ते रोजचंच. पण विचारलं जातं.

हे गोऱ्यांचं खूळही नव्हे. १८७२ चा आपला करार कायदाच म्हणतो, एरवी भान नसलेला माणूस भानावर असताना करार करू शकतो. आणि त्याच कायद्याने, मुखत्यारपत्र देणाऱ्याचं भान गेलं की मुखत्यारी संपते. म्हणजे दादा, आत्याला खरंच कळत नसेल तर तुझा कागद चालत नाही, आणि कळत असेल तर तिला विचार. सकाळी विचार, चहा झाल्यावर.

तरी दादाचं बोलणं रात्री छळतं. डिमेन्शियात मागाहून शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी जाते. माझी पाळी येईल तेव्हा समोरची पोरगी सगळं रीतसर विचारेल, दुभाषीही बोलावेल. पण मी "पेरूगेटला जायचंय" म्हणाले, तर त्या दोघांना काय कळणार? दादा विचारणार नाही, पण त्याला कळेल. म्हातारपणी मला पुण्यातच यायचंय, म्हणून आत्तापासून त्याच्याशी भांडतेय.