इम्पोर्टला दोष देऊ नका भाऊ, आधी फाइलचं नाव पहा

गेल्या महिन्यात एकच मेसेज माझ्या फोनवर चार वेळा येऊन पडला. त्यातला दोनदा तर रविवारी सकाळी माझ्याकडे पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला येणाऱ्या पोरांनीच पाठवला. मेसेज असा: ‘नवशिक्यांनो सावधान! पायथनचं इम्पोर्ट बेभरवशाचं आहे. सगळा कोड एकाच फाइलीत ठेवा. इम्पोर्टची एरर आली तर पायकॅश फोल्डर उडवा, तरी नाही गेली तर पायथन काढून परत टाका. आणि युनिट टेस्टच्या नादी लागू नका, ते काहीही असलं तरी ओकेच म्हणतं.’ खाली नागपूरच्या तीन-चार कॉलेजांच्या ग्रुपांचे अंगठेच अंगठे. (इम्पोर्ट म्हणजे एका फाइलीतला कोड दुसरीत वापरायला घेणं, पायकॅश म्हणजे पायथन कोडची कंपाइल केलेली, म्हणजे चालवायला तयार रूपं ठेवतो ते फोल्डर, आणि युनिट टेस्ट म्हणजे कोडचा एखादा तुकडा बरोबर चालतो का हे तपासणारा छोटा कोड.)

‘बेभरवशाचं’ हा शब्द आधी घेतो. त्याच रविवारी एक पोरगा लॅपटॉप घेऊन आला. काकाच्या तर्री-पोह्याच्या ठेल्यावर सकाळी गर्दी होते, म्हणून त्यानं टोकन देणारा छोटा प्रोग्राम लिहिला होता. फाइलचं नाव साहजिकच टोकन.पीवाय. प्रोग्राम छान चालून राहिला होता. मग मी सांगितलं म्हणून त्यानं दुसऱ्या फाइलीत बिलाची टेस्ट लिहिली, पहिल्या ओळीत युनिटटेस्ट हे पायथनसोबत येणारं टेस्टचं मॉड्यूल (म्हणजे इम्पोर्ट करता येणारा तयार कोड) इम्पोर्ट केलं आणि चालवलं. टेस्ट बाजूलाच राहिली, स्क्रीनवर प्रश्न आला: ‘किती प्लेट?’ त्यानं घाबरून ‘२’ टाकले. त्यावर लांबलचक एरर, आणि ती पायथनच्या स्वतःच्या टोकनाइझ नावाच्या फाइलीतून आलेली. पोरगा म्हणाला, ‘सर, मी तर त्या फाइलीला हातही नाही लावला.’

खरंच नव्हता लावला. झालं असं, की पायथनसोबतच टोकन नावाचं एक मॉड्यूल येतं. युनिटटेस्टला आतून दुसरी मॉड्यूल्स लागतात, त्यांना टोकनाइझ लागतं, आणि टोकनाइझला टोकन. पायथन शोध सुरू करतो तो तुम्ही चालवलेली फाइल ज्या फोल्डरात आहे तिथून. तिथे त्याला पोह्याचं टोकन सापडलं, त्यानं तेच उचललं. पोह्याच्या टोकनात टोकनाइझला हवं असलेलं नाव कुठून असणार? याला बेभरवशाचं म्हणायचं तर शेजाऱ्याचं आणि आपलं नाव सारखं म्हणून पार्सल चुकलं, त्याला पोस्टमन वेडा म्हणावं लागेल. नियम दरवेळी तोच आहे. एररच्या शेवटच्या ओळीत कंसात त्याच्याच फोल्डरचा पत्ता स्पष्ट लिहिलेला होता. तिथपर्यंत कोणी वाचत नाही, एवढंच. रँडम.पीवाय आणि ईमेल.पीवाय नावाच्या फाइलींनीही मी असेच रविवार घालवले आहेत. ३.१३ या आवृत्तीपासून अशा घोळात पायथन बरेचदा स्वतःच सुचवतो, की फाइलचं नाव बदलून पहा.

आता पायथन काढून परत टाकल्यानं काय झालं असतं? काही नाही. फाइल पोराच्या फोल्डरात, इन्स्टॉलेशन भलतीकडे. जिना मोडलेला असताना छताला कोबा घालण्यातला प्रकार. हां, पिपनं (बाहेरची मॉड्यूल्स टाकणाऱ्या साधनानं) टाकलेलं मॉड्यूल पायथन ‘सापडत नाही’ म्हणतो तेव्हा मात्र बहुतेक वेळा मशीनवर दोन पायथन असतात, पिप एकात टाकतं आणि आपण दुसरा चालवतो. तिसरा टाकला की घोळ वाढतो. ज्या पायथननं प्रोग्राम चालवता त्याच्याच नावापुढे ‘हायफन एम पिप’ (-m pip) लिहून मॉड्यूल टाका, विषय संपला.

‘किती प्लेट?’ हा प्रश्न का आला, तेही इथंच सांगतो. इम्पोर्ट म्हणजे ती फाइल वरून खालपर्यंत चालवणं. इनपुट मागणारी ओळ उघड्यावर ठेवली तर इम्पोर्ट होताच ती विचारणारच. ती नेम-मेनच्या इफखाली (if __name__ == '__main__': या ओळीखाली) ठेवा, म्हणजे फाइल थेट चालवली तरच विचारेल. ‘एकाच फाइलीत ठेवा’ हा सल्ला चाळीस ओळींच्या प्रोग्रामला मलाही मान्य आहे. पण बिलाचं फंक्शन वेगळं इम्पोर्ट करता आलं नाही, तर ते तपासणार कसं?

टेस्ट ओकेच म्हणते, या आरोपात अर्धं तथ्य आहे, आणि ते अर्धं गमतीचं आहे. मेसेज पाठवणाऱ्या दुसऱ्या पोराची टेस्ट मी उघडून पाहिली. मेथडचं, म्हणजे टेस्टच्या क्लासमधल्या फंक्शनचं, नाव त्यानं ‘चेक बिल’ ठेवलेलं. युनिटटेस्ट फक्त ‘टेस्ट’नं सुरू होणाऱ्या मेथड चालवतं. म्हणजे चालल्या शून्य टेस्ट, आणि खाली ओके. ‘रॅन झिरो टेस्ट्स’ हे वरच्या ओळीत लिहिलेलं असतं, पण डोळा ओकेवरच जातो. ३.१२ पासून तिथे ओकेऐवजी एकही टेस्ट चालली नाही असं येतं. नाव बदललं आणि टेस्ट पडली: तीन प्लेटच्या पुढे तो पार्सलचे पैसे दोनदा लावत होता.

राहिला पायकॅश. ही अंधश्रद्धा जुन्या पायथन २ मधून आली आहे. तेव्हा कंपाइल झालेली फाइल मूळ फाइलच्या शेजारीच पडायची, आणि मूळ फाइल पुसली तरी शेजारची चालत राहायची, भुतासारखी. ३.२ पासून त्या फाइली पायकॅश फोल्डरात जातात. मूळ फाइल नसेल तर पायथन त्यांना विचारत नाही, आणि मूळ फाइल बदलली तर एरवी तारीख आणि आकार पाहून नवी बनवतो.

पोह्याच्या पोरानं हेही तपासून पाहिलंच. टोकन.पीवायचं नाव पोहेटोकन.पीवाय केलं, इनपुटची ओळ इफखाली नेली, पायकॅश तसंच राहू दिलं आणि टेस्ट चालवली. ‘किती प्लेट?’ काही आलं नाही.