नर्सिंग सोडलं नव्हतं हो
इंग्लंडच्या चर्चमधल्या धर्मगुरू सारा मुलाली यांनी 'नर्सिंग सोडून चर्चचा रस्ता धरला' असं त्यांच्यावरच्या लेखात लिहिलंय ते अजिबात पटलं नाही. २००१ मध्ये त्यांना चर्चची दीक्षा मिळाली तेव्हा त्या इंग्लंडच्या चीफ नर्सिंग ऑफिसर, म्हणजे सरकारातल्या सर्वांत वरिष्ठ नर्स होत्या आणि २००४ पर्यंत ते पद सांभाळून चर्चमध्ये बिनपगारी सेवा करत होत्या, म्हणजे दोन्ही एकत्रच चाललं ना! इंग्लंडमधल्या डरॅम विद्यापीठाचे ख्रिस्तोफर कुक तर मानसोपचारतज्ज्ञ, प्रोफेसर आणि अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चचे) पाद्री असं तिन्ही, त्यांचा उल्लेख हवाच होता.

लंडनला सासूबाईंची केमो चालू होती तेव्हा वॉर्डात येणाऱ्या पाद्रीबाई आधी नर्स होत्या, सलाईनच्या नळीला धक्का न लावता हात कसा धरायचा हे त्यांना सांगावं लागलं नाही. सासूबाई विठ्ठल विठ्ठल म्हणत होत्या, पाद्रीबाई तशाच त्यांचा हात धरून बसून राहिल्या.