‘पॉट. आयोड.’

आज दुपारी भाचीचा फोन आला. ती दहावीत आहे, आणि एरवी तिचे फोन लांबत जाऊन हसण्यावर संपतात, आज मात्र तिने पहिल्याच वाक्यात विचारले, “मावशी, मिठात आयोडेट असतं असं लिहिलं तर ते चूक आहे का गं?” सहामाहीच्या विज्ञानाच्या पेपरात एका वाक्यात उत्तर लिहायचा प्रश्न होता : आयोडीनयुक्त मिठात आयोडीन कोणत्या संयुगाच्या रूपात मिसळलेले असते? तिने ‘पोटॅशियम आयोडेट’ लिहिले, कारण तिने स्वयंपाकघरातले मिठाचे पाकीट उलटे करून घटकपदार्थ वाचले होते. तपासणाऱ्यांनी त्यावर लाल शाईची काट मारून वर ‘आयोडाइड’ लिहिले आणि गुण शून्य दिला. माझ्या बहिणीने शाळेत फोन केला, तेव्हा तिला मिळालेले उत्तर असे : “ताई, आयोडाइड काय आणि आयोडेट काय, दोन्हींत आयोडीनच ना? एका मार्कानं काय फरक पडतो?”

हे वाक्य मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकले. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि वार्षिक प्रात्यक्षिक परीक्षेत माझ्यासमोर टेबलावर दोन बाटल्या होत्या. एकीवर ‘पोटॅशियम आयोडाइड’ असे पूर्ण नाव होते. दुसरीवरच्या इंग्रजी लेबलावर ‘पॉट. आयोड.’ एवढेच उरले होते. पुढची अक्षरे मुळात लिहिलीच नव्हती की ॲसिडच्या वाफांनी खाल्ली होती, कोण जाणे. मला हवे होते पोटॅशियम आयोडेट. पहिल्या बाटलीत आयोडाइड आहे, तेव्हा दुसरीत आयोडेट असणार, असे वाटूनही मी विचारले. परीक्षेवर देखरेख करणारे डेमॉन्स्ट्रेटर घड्याळाकडे बघत म्हणाले, “आयोडचंच आहे ना? घे आणि सुरू कर. काय फरक पडतो?”

फरक काय पडतो ते आधी मिठापुरते सांगते. आयोडाइड म्हणजे आयोडीन आणि धातू यांची सरळ जोडी. त्यात ऑक्सिजन नाही. आयोडेटमध्ये आयोडीनच्या एका अणूभोवती ऑक्सिजनचे तीन अणू असतात. आयोडाइड दमट हवेत आणि उन्हात हळूहळू बदलते, त्यातले आयोडीन मोकळे होते आणि उडून जाते. आयोडेट टिकते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, गोण्या गुदामात ओल धरून पडतात, रेल्वेच्या वाघिणींतून मीठ शेकडो किलोमीटर जाते. अशा देशात आयोडाइड घातले तर घरी पोहोचेपर्यंत त्यातले किती उरेल? म्हणून भारतात आयोडेट निवडले गेले, आणि पाकिटावर ते स्पष्ट छापलेलेही असते. अमेरिकेत मिठात आयोडाइड घालतात, ते टिकावे म्हणून सोबत डेक्स्ट्रोज घालतात, आणि तिथली पुस्तके तसे लिहितात. ते तिथे बरोबर आहे. आपल्या मुलीने आपल्या घरातले पाकीट वाचून उत्तर लिहिले, तर ते तिथल्या पुस्तकावरून चूक ठरवायचे?

दुसरी गोष्ट वजनाची. गिऱ्हाइकाच्या हाती पडणाऱ्या दर किलो मिठात निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे असा आपला नियम आहे. तेवढे आयोडीन द्यायला पोटॅशियम आयोडाइड सुमारे २० मिलिग्रॅम लागते, पोटॅशियम आयोडेट मात्र सुमारे २५. ‘दोन्ही एकच’ मानून एखाद्याने आयोडाइडच्या हिशेबाने २० मिलिग्रॅम आयोडेट टाकले, तर किलोत आयोडीन पडेल सुमारे १२ मिलिग्रॅम, म्हणजे नियमाच्या खाली. ज्या मुलांना आज आपण ‘काय फरक पडतो’ असे शिकवतो आहोत, त्यांतलेच कोणीतरी उद्या हे वजन करणार आहे.

शरीरात गेल्यावर आयोडेटचे आयोडाइडच होते आणि थायरॉइड ग्रंथी तेच उचलते, हे मला मान्य आहे. कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून जो प्रसिद्ध अभ्यास केला, त्यात एका भागाला आयोडाइडचे मीठ दिले, एका भागाला आयोडेटचे आणि तिसऱ्याला साधे. पहिल्या दोन्ही भागांत गलगंड कमी झाला, तिसऱ्यात नाही. त्या अर्थाने दोन्ही उपयोगी, ठीक आहे. पण ज्यांनी हे सिद्ध केले त्यांनी कोणत्या भागाला कोणते मीठ दिले हे नेमके लिहून ठेवले होते. त्यांच्या गोण्यांवर ‘पॉट. आयोड.’ लिहिलेले असते, तर १९६२ चा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम कशाच्या आधारावर उभा राहिला असता?

माझ्या परीक्षेकडे परत येते. प्रयोग साधा आणि सुंदर आहे. विज्ञान शाखेच्या कितीतरी जणांनी तो केला असेल. आयोडेटचे वजन करून द्रावण करायचे, त्यातले पिपेटने फ्लास्कमध्ये घ्यायचे, त्यात आयोडाइड घालायचे, वरून पातळ सल्फ्युरिक ॲसिड. आयोडेट आणि आयोडाइड ॲसिडमध्ये भेटले की आयोडीन मोकळे होते आणि फ्लास्क एका क्षणात गडद तपकिरी होतो. मग ब्युरेटमधून हायपो सोडत रंग फिका करत आणायचा, शेवटी स्टार्च घालायचा, निळा रंग येतो, आणि एका थेंबाला तो निळा रंग नाहीसा होतो. (हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. त्याचे जुने ‘हायपोसल्फाइट’ हे नावच चुकीचे होते, पण फोटो स्टुडिओवाल्यांपासून आमच्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसले.) माझ्या फ्लास्कमध्ये काहीही झाले नाही. ॲसिड घातले, पाणी पाण्यासारखेच राहिले. मी हलवले, वाट पाहिली, पुन्हा पहिल्यापासून केले. शेजारच्या सगळ्यांचे फ्लास्क तपकिरी झालेले आणि माझा स्वच्छ. दोन्ही बाटल्यांत आयोडाइडच होते, आणि आयोडाइडला आयोडाइड भेटून काय होणार?

या नावांमागे किती विचार आहे हे कोणी मुलांना सांगत नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते. १८११ मध्ये पॅरिसजवळ बेर्नार कूर्त्वा हा सोऱ्याचा कारखानदार समुद्रशेवाळाच्या राखेवर काम करत असताना सल्फ्युरिक ॲसिड जास्त पडले आणि भांड्यातून जांभळी वाफ उठली. तिचे थंड जागी चमकदार काळसर स्फटिक झाले. १८१३ मध्ये गे-ल्युसाक यांनी जांभळ्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून त्याला ‘आयोड’ म्हटले. त्याच वेळी हंफ्री डेव्ही पॅरिसमध्ये होते, इंग्लंड-फ्रान्सचे युद्ध चालू असतानाही नेपोलियनच्या परवानगीने आलेले; अँपियर यांनी त्यांना नमुना दिला, आणि क्लोरीनशी असलेले नाते नावात दिसावे म्हणून डेव्हींनी त्याला ‘ईन’ जोडले. पण मला सर्वांत हलवून जाणारी गोष्ट त्याआधीची आहे. १७८७ मध्येच गितों द मोर्व्हो, लाव्हाझिए, बेर्तोले आणि फुर्क्रुआ यांनी संयुगांना नावे देण्याची पद्धत आखली होती. ऑक्सिजन कमी असेल तर एक प्रत्यय, जास्त असेल तर दुसरा. आयोडीन सापडायच्या २४ वर्षे आधी त्याच्या संयुगांच्या नावांची जागा तयार होती. पुढे ती शिडी पूर्ण झाली : हायपोआयोडाइटमध्ये ऑक्सिजनचा एक अणू, आयोडाइटमध्ये दोन, आयोडेटमध्ये तीन, मेटापरआयोडेटमध्ये चार. नाव वाचले की रचना कळते. आणि आपण म्हणतो, दोन्ही एकच.

आयोडाइड आणि आयोडाइट यांच्यात मराठीत फक्त ‘ड’ आणि ‘ट’ यांचा फरक आहे. आयोडाइट फार अस्थिर, ते तुमच्या-माझ्या हाती येणार नाही, म्हणून हवे तर सोडून द्या. पण त्याच घराण्यातले क्लोरीन घ्या. सोडियम क्लोराइड आपण आमटीत घालतो, सोडियम हायपोक्लोराइटने फरशी आणि संडास धुतो. तिथे कोणी ‘दोन्हींत क्लोरीनच ना’ म्हणून वाटी पुढे करील का?

आपल्यातल्या कितीतरी जणी सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेतात आणि दर काही महिन्यांनी टी थ्री, टी फोरचा रिपोर्ट आणतात. ते तीन आणि चार म्हणजे थायरॉइडच्या त्या संप्रेरकांच्या एकेका रेणूतले आयोडीनचे अणू आहेत, हे मी गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीला सांगितले, तेव्हा ती रिपोर्ट हातात धरून बराच वेळ गप्प बसली होती. ट्रायआयोडोथायरोनिन म्हणजे आयोडीनचे तीन अणू असलेले. इतके सरळ आहे. सांगणारे कोणी नसते म्हणून ते अवघड वाटते.

आता ज्याचा मला सर्वांत राग येतो ते. भाचीने फोनवरच आणखी एक विचारले : “पिरिऑडिक ॲसिड म्हणजे पिरिऑडिक टेबलशी काही संबंध असलेलं ॲसिड का?” क्लासच्या मराठी नोट्समध्ये तिने तसे वाचले होते. ते ॲसिड आहे परआयोडिक : ‘पर’ वेगळे, ‘आयोडिक’ वेगळे. पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळांत ऊतींमधले ग्लायकोजेन किंवा बुरशी दिसावी म्हणून जो पीएएस स्टेन (ऊती रंगवण्याची एक पद्धत) करतात, त्यातले पहिले ‘पी’ याचेच. इंग्रजीत हा शब्द आणि आवर्तसारणीचा शब्द तंतोतंत त्याच आठ अक्षरांत लिहितात, त्यामुळे इंग्रजी वाचणारा मुलगा गोंधळला तर त्याचा दोष नाही. आपल्या देवनागरीत मात्र हा गोंधळ होऊच शकत नाही. ‘परआयोडिक’ आणि ‘पिरिऑडिक’ ही दोन वेगळी नावे आपली लिपी वेगळीच दाखवते, इंग्रजीला जमत नाही ते आपल्याला आपोआप जमते, आणि तरीही आपण इंग्रजी अक्षरांकडे बघून चुकीचा उच्चार मराठीत छापतो आणि मुलांच्या हातात देतो. विज्ञान मराठीतून शिकवण्याचा आग्रह मी आयुष्यभर धरला आहे आणि तुम्हीही धरता. मग मराठीत एक नाव नीट छापण्याइतकी काळजी आपण का घेत नाही? पारिभाषिक शब्द कोणते असावेत यावर आपण भांडतो, आणि जो शब्द आहे त्याचे शेवटचे अक्षर मात्र वाऱ्यावर सोडतो.

हे लिहिताना माझा हात थरथरतो आहे, म्हणून थोडे थांबले होते.

शिक्षकांवर कामाचा बोजा आहे, एकेकाला दोनदोनशे पेपर तपासावे लागतात, हेही मी जाणते. चूक कोणाकडूनही होते. ‘मी पाकीट बघतो आणि सांगतो’ असे उत्तर आले असते, तर मी हे लिहिलेच नसते.

त्या परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांना मी सांगू पाहिले की बाटलीवर पूर्ण नाव नाही. त्यांनी माझा स्वच्छ फ्लास्क पाहिला, “वजन करताना चुकली असशील” म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. प्रयोगाच्या ३० पैकी मला ८ गुण मिळाले. सगळे गेल्यावर मी भांडी धूत होते, तेव्हा प्रयोगशाळेतले मामा जवळ आले. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, बाटल्या ओळखायचा तो त्यांच्या जागेवरून आणि बुचांवरून. त्यांनी माझ्या टेबलावरची बाटली उचलली, कपाटाच्या मागच्या फळीवरून तिसरी एक काढली, दोन परीक्षानळ्यांत दोन्ही पदार्थ चिमूटचिमूट घातले आणि मला म्हणाले, “आता त्यात ते आयोडाइड आणि ॲसिड घाल बाई.” एक नळी पाण्यासारखी राहिली. दुसरी तपकिरी झाली. मामा बराच वेळ त्या दोन नळ्यांकडे बघत होते, जणू गुण त्यांचेच गेले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतले. सगळ्या बाटल्या टेबलावर मांडल्या होत्या आणि कोरी लेबले कापून ठेवली होती. इंग्रजी अक्षरे त्यांना नीट लिहिता येत नव्हती, म्हणून मी एकेक नाव उच्चारायचे आणि त्यांनी ते देवनागरीत लिहायचे, असे आम्ही दुपारभर बसलो. पोटॅशियम आयोडाइड. पोटॅशियम आयोडेट. सोडियम नायट्राइट. सोडियम नायट्रेट. प्रत्येक नावातली शेवटची अक्षरे ते लाल शाईने लिहीत होते. मी कारण विचारले, तेव्हा म्हणाले, “घाईत माणूस सुरुवात वाचतो. शेवटाकडे डोळा गेला पाहिजे.” पुढे २८ वर्षे औषधांच्या गुणवत्ता तपासणीत मी काम केले, तिथे कोणी नाव अर्धे लिहिलेला नमुना पाठवला की मी तो तसाच परत करत असे, आणि दर वेळी मला ती लाल अक्षरे दिसत.

भाचीला मी फोनवर सांगितले की तुझे उत्तर बरोबर आहे. ती म्हणाली, “पण मार्क तर गेला ना.” उद्या सकाळी अकराला मी तिच्याबरोबर शाळेत जाणार आहे. मिठाचे पाकीट रिकामे करून, धुऊन, पुसून पिशवीत ठेवले आहे. घटकपदार्थांच्या ओळीतल्या ‘आयोडेट’खाली लाल रेघ मी नाही ओढली, भाचीनेच संध्याकाळी येऊन ओढली.