अल्फा ब्लेंडिंग: 'क्रम कुठलाही चालतो' हे खरं नाही

अल्फा म्हणजे रंग किती अपारदर्शक ते सांगणारा ० ते १ मधला आकडा, आणि ब्लेंडिंग म्हणजे त्यानुसार नवा रंग पडद्यावरच्या रंगात मिसळणं. नागपुरात ग्राफिक्स प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांमध्ये एक मेसेज फिरतो आहे: "अल्फा म्हणजे जुन्या-नव्या रंगाची सरासरी. ब्लेंडिंग चालू करा, 'सोर्स अल्फा' आणि 'वन मायनस सोर्स अल्फा' द्या. क्रम कुठलाही चालतो, बाकीचं जीपीयू बघतो. पीएनजीच्या कडा आपोआप नीट येतात." यातलं दुसरं वाक्य तेवढं कामाचं, तेही अर्धंच. बाकीच्यांवर विसंबून मुलं भलत्याच जागी बग शोधत बसतात.

'सरासरी.' ब्लेंडिंगचं सूत्र असं: नवा रंग गुणिले पहिला फॅक्टर, अधिक पडद्यावरचा रंग गुणिले दुसरा फॅक्टर. मेसेजातल्या जोडीत ते फॅक्टर म्हणजे नव्या रंगाचा अल्फा आणि १ उणे तोच अल्फा. तिथे अल्फा ०.५ असेल तेव्हाच सरासरी निघते, ०.८ ला नव्याचे ८० टक्के आणि जुन्याचे २०. 'वन, वन' दिलं की निव्वळ बेरीज होते, ती ज्योत आणि ठिणग्यांसाठी. 'डेस्टिनेशन कलर (पडद्यावरचा रंग), झिरो' दिलं की गुणाकार, तो सावलीसाठी.

'क्रम कुठलाही.' सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. नागपूर मेट्रोचा नकाशा काढून बघा. ऑरेंज आणि अ‍ॅक्वा या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला एकमेकींना छेदतात. पांढऱ्या पार्श्वभूमीवर नारिंगी (२५५, १२८, ०) आणि निळसर (०, २००, २००) पट्टे ०.५ अल्फाने काढा (कंसातले आकडे लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ० ते २५५). आधी नारिंगी, वर निळसर: छेदाच्या चौकोनात साधारण (१२८, १९६, १६४), म्हणजे हिरवट. क्रम उलटा केला तर (१९१, १७८, ११४), म्हणजे मातकट पिवळा. नुसती बेरीज किंवा नुसता गुणाकार असेल तर क्रमाने फरक पडत नाही.

त्याच नकाशात आणखी एक गोष्ट दिसेल. पट्टा तुकड्यातुकड्यांनी काढला असेल, तर जिथे तुकडे एकमेकांवर चढतात तिथे गडद ठिपके उमटतात, कारण ते पिक्सेल दोनदा मिसळले गेले. उपाय: अख्खी मार्गिका आधी वेगळ्या, पारदर्शक टेक्स्चरवर (मेमरीतल्या चित्रावर) पूर्ण अपारदर्शक काढा आणि मग ते टेक्स्चर एकदाच ०.५ ने नकाशावर ठेवा. इथे मात्र पट्ट्याने अर्धेच झाकलेल्या कडेच्या पिक्सेलांवर लक्ष हवं, त्यांचा अल्फा समजा ०.५. अल्फा चॅनेललाही 'सोर्स अल्फा' हाच फॅक्टर लागला, तर ०.५ गुणिले ०.५ होऊन टेक्स्चरमध्ये ०.२५ साठवला जातो आणि कडा खंगतात. अल्फासाठी वेगळे फॅक्टर द्या: 'वन, वन मायनस सोर्स अल्फा'.

'जीपीयू बघतो.' तुम्ही ज्या क्रमाने पाठवाल त्याच क्रमाने जीपीयू (चित्र काढणारी चिप) मिसळतो, स्वतः क्रम लावत नाही. म्हणून थ्रीडीत आधी सगळ्या अपारदर्शक वस्तू काढा. मग डेप्थ टेस्ट (जवळच्या वस्तूमागे झाकलेले पिक्सेल टाळणारी तपासणी) चालू ठेवून डेप्थ रायटिंग (काढलेल्या पिक्सेलचं अंतर नोंदवणं) बंद करा आणि पारदर्शक वस्तू लांबून जवळ अशा क्रमाने काढा. डेप्थ रायटिंग चालू राहिलं आणि जवळची काच आधी काढली गेली, तर तिच्यामागची काच गायबच होते. एकमेकींत घुसलेल्या काचांना मात्र वस्तूनिहाय क्रम पुरत नाही, त्या कापून वेगळ्या कराव्या लागतात.

'पीएनजीच्या कडा.' पीएनजी हा पारदर्शकताही साठवणारा चित्राचा फॉरमॅट. त्यात पूर्ण पारदर्शक पिक्सेललाही रंग असतो, बहुतेकदा काळा. चित्र लहान-मोठं करताना लिनिअर फिल्टर (शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढणारा) तो काळा शेजारच्या नारिंगीत मिसळतो: (१२८, ६४, ०), अल्फा ०.५. मग ब्लेंडिंग पुन्हा अल्फाने गुणतं आणि पांढऱ्यावर (१९१, १५९, १२७) अशी मळकी कड येते. यायला हवी होती (२५५, १९१, १२७). यावरचा इलाज जुना आहे. पोर्टर आणि डफ या ग्राफिक्स संशोधकांनी १९८४ च्या शोधनिबंधात रंग आधीच अल्फाने गुणून ठेवण्याचीच पद्धत वापरली होती. चित्र लोड करतानाच, फिल्टरिंगच्या आधी, लाल, हिरवा, निळा अल्फाने गुणा आणि पहिला फॅक्टर 'वन' करा. दोन्ही एकदमच करायचं. नुसतं गुणलं तर कडा काळ्या पडतात, नुसता फॅक्टर बदलला तर त्या भगभगतात.

मेसेजात नसलेली एक गोष्ट: काळ्यावर अर्धा पांढरा मिसळल्यावर १२८ येत असेल, तर मिश्रण एसआरजीबीच्या (पडद्यांसाठी रंग साठवायच्या नेहमीच्या पद्धतीच्या) वक्र आकड्यांवर झालं आहे, म्हणजे जे प्रकाशाच्या थेट प्रमाणात नसतात. प्रकाशाच्या हिशोबाने ते १८८ यायला हवं. त्यासाठी एसआरजीबी फ्रेमबफर (चित्र जिथे तयार होतं ती मेमरी) वापरा आणि रंगाची टेक्स्चरही एसआरजीबी म्हणूनच लोड करा, नाहीतर सगळं चित्र फिकट दिसेल.