ताई, जाड झालंय

पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला आलेल्या माणसाने माझ्या ओट्याशी उभं राहून, माझ्याच घरच्यांसमोर मला "ताई, जाड झालंय" असं सांगितलं आणि माझा नवरा फिस्सकन हसला, हे मी अजून विसरलेले नाही. व्याकरणाने बघितलं तर तो माणूस क्रेपबद्दलच, म्हणजे मी केलेल्या पातळ फ्रेंच धिरड्याबद्दलच बोलत होता, माझ्याबद्दल असता तर 'झालात' म्हणाला असता. पण नवऱ्याचं व्याकरण शाळेपासून कच्चं आहे.

तर कन्येला फ्रेंच आहे. का आहे, तर स्कोअरिंग आहे म्हणून. त्यांच्या मॅमनी वर्गात सांगितलं की फ्रान्समध्ये 2 फेब्रुवारीला शांदलर नावाचा सण असतो, ख्रिसमसनंतर 40 दिवसांनी, त्या दिवशी घरोघरी क्रेप करतात, आणि एका हातात नाणं धरून दुसऱ्या हाताने पॅन झटकून क्रेप हवेत उडवायचं, ते नीट पॅनमध्ये पडलं की वर्षभर घरात पैशाला तोटा नाही. तारीख कधीच उलटून गेली होती, पण नवऱ्याला पैशाचा भाग आवडला. रविवारी आपण करूया ना, म्हणाले दोघं. आपण म्हणजे मी.

250 ग्रॅम मैदा, अर्धा लिटर दूध, चार अंडी, चिमूटभर मीठ, थोडं वितळलेलं लोणी. हे सगळं फेटून अर्धा तास नुसतं ठेवायचं, म्हणजे मैदा दूध पितो, पिठाचा ताण जातो आणि मग ते तव्यावर चिवटपणा करत नाही. नवरा, कन्या आणि पीठ असे तिघं आराम करत होते तेवढ्यात मी पालक परतला, मशरूम परतले, चीज किसलं, केळी सोलली, न्यूटेलाची बाटली कन्येपासून लपवली.

सासूबाई अंडं खात नाहीत. त्यांचं वेगळं. आणि गंमत म्हणजे खरं ब्रिटनीतलं क्रेप त्यांचंच झालं, कारण फ्रान्सच्या त्या भागात तिखटमिठाचं करायचं तर मैदा वापरतच नाहीत, तिथे कुट्टूचं पीठ, पाणी आणि मीठ, बस. त्याला गालेत म्हणतात. कुट्टू म्हणजे गव्हाचा कोणी लागत नाही, आपल्या चुक्याच्या भाजीच्या कुळातला आहे तो. उत्तरेकडे उपासाला खातात असं मी सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मग एकादशीला का नाही केलंस?" आता याला काय उत्तर देणार!

फिल्टरवाला सकाळी दहाला येणार होता, तो आला पावणेबाराला. दहा ते बारा हा स्लॉट असतो म्हणे. स्लॉट त्यांचा, रविवार आपला. बरोब्बर माझा पॅन तापला तेव्हा तो सिंकखाली अर्धा आत शिरून व्हॉल्व्ह खोलत होता, बाहेर फक्त पाय आणि उघडी बॅग. कन्येने डाव्या हातात दहाचं नाणं घट्ट धरलं, उजव्या हाताने पॅन झटकला, आणि क्रेप उडालं ते छान उडालं, पण उतरलं थेट त्या बॅगेत, पान्यावर. ते बॅगेत पडलं म्हणजे यंदा पैसा त्याच्याकडे जाणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तो बाहेर आला. बॅगेकडे बघितलं. आता ओरडणार असं वाटलं, तर त्याने दोन बोटांनी क्रेप उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि ते वाक्य बोलला.

म्हटलं, काय?

"बॅटर पातळ पाहिजे अजून. आणि पॅन लई तापलाय तुमचा. टाकल्या टाकल्या सेट होतंय, पसरायला टाइमच भेटत नाय त्याला."

म्हटलं, तुम्ही फिल्टरचं काम करता ना?

"आत्ता करतो. पहिले मॉलला होतो, फूड कोर्टमध्ये. क्रेप काउंटर. संडेला मुतायला फुरसत नसायची, सॉरी ताई."

नवऱ्याने मोबाइलमधून मान वर काढली. लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्या कुठल्याच पदार्थासाठी ही मान इतक्या वेगाने वर आलेली मी बघितलेली नाही. "दाखवा की मग," म्हणाला. माझं स्वयंपाकघर, माझं पीठ, आणि आमंत्रण हा देतोय.

तो हात धुवायला गेला तर नळाला पाणी नाही, कारण मेन कॉक त्यानेच बंद केलेला. शेवटी मी पिंपातलं पाणी तांब्याने त्याच्या हातावर घातलं, सासूबाईंनी टॉवेल पुढे केला. धोंड्याच्या महिन्यातल्या जावयासारखं चाललं होतं.

"टी आहे का?"

"ठेवते चहा."

"चहा नाय ओ. टी. लाकडाचा असतो, एबीसीडीतल्या टीसारखा, त्याने पसरायचं."

"रोझेल," कन्या म्हणाली. हे मात्र हिला पाठ. परवा पंचवीसपैकी चौदा मिळाले ते कशात गेले कोण जाणे.

टी नव्हता. "मग पॅननेच करू," म्हणाला, पिठात अर्धी वाटी दूध ओतलं, मला न विचारता, गॅस बारीक केला आणि टिश्यूने पॅनमधलं लोणी पुसून काढलं. मी मुद्दाम घातलेलं लोणी! मग पॅन गॅसवरून उचलून मधोमध एक पळी ओतली आणि लगेच मनगट फिरवत नुसता पॅन कलता केला, असा गोल. पीठ कडेपर्यंत पळत गेलं आणि जास्तीचं होतं ते त्याने परत भांड्यात ओतलं. हे मला सुचलं नव्हतं कधी. कडा आधी कोरड्या झाल्या, मग लालसर जाळीदार झाल्या, त्याने नखाने एक कड सोडवली, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून उलटवलं. इतकं पातळ की खालच्या पॅनवरचा ओरखडा दिसत होता. जमलं होतं. छान जमलं होतं, त्याचाच तर राग आहे.

"ताई, केळी पातळ कापा." कापली. "ताई, ती प्लेट धरा." धरली. "ताई, फोल्ड बघा, असं अर्धं, परत अर्धं, त्रिकोण." बघितलं. आणि टेबलावरून आवाज येतायत, दादा अजून एक, दादा माझं चीजवालं, सासूबाई त्याला विचारतायत गाव कुठलं, तो म्हणतोय पाटण, मग पाटणात कुणाकडचे वगैरे. मी जरा मान मिळावा म्हणून गालेतची माहिती सांगायला गेले, की मूळचं क्रेप तेच, पॅरिसमध्येसुद्धा मोंपार्नास स्टेशनच्या आजूबाजूला सगळी क्रेपची दुकानं, कारण ब्रिटनीच्या गाड्या तिथे येतात. त्याने ऐकून घेतलं, सासूबाईंच्या ताटातला एक तुकडा चाखला आणि म्हणाला, "कडसर लागतंय." सासूबाई म्हणाल्या, "मीपण तेच म्हणणार होते, पण म्हटलं वाईट वाटेल हिला."

क्रेप घ्या, घावन घ्या, धिरडं घ्या, डोसा घ्या, तव्यावर एकेक होणाऱ्या सगळ्याच पदार्थांत ही गोची आहे की तवा एक, खाणारे सगळे एकदम बसलेले आणि करणारी उभी. गौरीला आमच्या माहेरी घावन-घाटलं असतं, तेव्हा आईचं जेवण म्हणजे शेवटचं, फाटलेलं, गार घावन, तेही उभ्याउभ्याच. मला गारच आवडतं म्हणायची. गार घावन जगात कोणालाही आवडत नाही हो, ते रबर होतं. त्या दिवशी पहिल्यांदा तव्याशी मी नव्हते, दुसरं कोणीतरी होतं, आणि तरी मला गरम मिळालं नाही, कारण मी हेल्परच्या पोस्टवर होते. कोणाच्या डोक्यात पण आलं नाही. त्याच्यासाठी मात्र नवऱ्याने स्वतः खुर्ची ओढली, "आधी बसा, खाऊन घ्या, काम होतंय." लिंबू-साखरेची दोन खाल्ली त्याने. मग व्हॉल्व्हचे पैसे, व्हिजिट चार्ज, वर जीएसटी. शांदलर पावला त्याला.

जाताना ओटीपी मागितला, फाइव्ह स्टार द्या म्हणाला. माझ्या फोनवरून नवऱ्याने दिले, वर फीडबॅकच्या रकान्यात लिहिलं, 'एक्सलंट क्रेप्स'.

काल त्यांच्या ऑफिसातून फोन आला. "मॅम, तुम्ही फीडबॅकमध्ये क्रेप्स लिहिलंय, हे कुठल्या पार्टविषयी आहे?" म्हटलं ते सोडा, तो व्हॉल्व्ह अजून गळतोय, खाली पातेलं लावून ठेवलंय, दर दोन तासांनी मी ओतते. "ओके मॅम, सॉरी मॅम, यावेळी दुसरा टेक्निशियन पाठवू का?" फोन स्पीकरवर होता. तिघंही एकदम "नाही" म्हणून ओरडले, सासूबाई सगळ्यात मोठ्याने.

रविवारचा स्लॉट मिळालाय. मैदा संपलाय, तो आणायला मला सांगितलंय, आणि नवऱ्याने ऑनलाइन लाकडी टी मागवलाय.