बिट्टं, नाक शिंकरावे

सायली ओ-पेअर म्हणून जर्मनीला जायचं म्हणाली, तेव्हा माझ्या आईने विचारलं, "म्हणजे लोकांची पोरं सांभाळायची? त्यासाठी इतक्या लांब?" सायलीने आजीला समजावलं: जर्मन कुटुंबात वर्षभर राहायचं, खोली, जेवण, विमा त्यांचा, दिवसाला सहा आणि आठवड्याला तीस तासांच्या वर काम नाही, शिवाय महिन्याला २८० युरो हातखर्च. आईने युरोचे रुपये करून घेतले आणि "पोळ्यावाल्या बाईंना याहून जास्त मिळतात" म्हणून विषय मिटवला.

पण अर्ज सत्तावीस पूर्ण व्हायच्या आत करावा लागतो आणि आमचं कन्यारत्न सव्वीसचं. शिवाय व्हिसासाठी जर्मनची ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीची परीक्षा.

"परीक्षा कशाला?" ताई म्हणाली. "आपली शिल्पा आहे की स्टुटगार्टला! जुळी आहेत तिला. मराठीतच रडतात." नियम असा की यजमान नात्यातले नकोत. घरात जर्मन ही मातृभाषा हवी. ती मातृभाषा नसून घरात नुसती बोलली जात असेल, तर येणारी मुलगी त्यांच्याच मूळ देशातली नको. ताईने तरीही स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी-शहरं असल्याचं ऐकवलं. शहरं बहिणी झालेल्या चालतात, माणसं झालेली चालत नाहीत.

मग घरात जर्मन शिरलं.

परीक्षेचे चार भाग: ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. शंभरपैकी साठ हवेत. ऐकण्यात स्टेशनवरच्या घोषणा असतात आणि त्या एकदाच ऐकवतात. पुणे स्टेशनवर तीन भाषांत घोषणा होते आणि आपण शेवटी गर्दी जिकडे पळेल तिकडे पळतो, पण उत्तरपत्रिकेत गर्दी नसते. आकड्यांत मात्र मी सायलीच्या पुढे होतो. जर्मन लोक आपल्यासारखंच एकक आधी आणि दशक मागून बोलतात. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' आणलं तेव्हा मी सोसायटीच्या बाकावर घसा बसेपर्यंत भांडलो होतो. त्या भांडणात जर्मनी माझ्या बाजूने होती, हे तेव्हा कळायला हवं होतं.

बोलण्याच्या भागात आधी स्वतःची ओळख करून द्यायची आणि सांगितलं तर नाव अक्षरं सुटी करून सांगायचं. आमचं आडनाव क्षीरसागर. सायली गॅलरीत येरझाऱ्या घालत घोकायची, "का, एस, हा, ई, एर, एस, आ, गे, आ, एर." आईला वाटायचं, बसमधला कंडक्टर हिला हिंदीत पुढे सरकायला सांगतोय.

मग चिठ्ठ्या. चिठ्ठीवर विषय आणि एक शब्द असतो. एकाने प्रश्न करायचा, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. मी ऑफिसला गेलो की हा दुसरा म्हणजे आई. एकदा 'खाणंपिणं' या विषयात 'मांस' आलं. सायलीने विचारलं, "एसन झी गेर्न फ्लाइश?" आईने अर्थ विचारला. सायली म्हणाली, "बटाट्याची भाजी आवडते का?" चातुर्मासात घरात कांदा न येऊ देणारी माझी आई तेव्हापासून या प्रश्नाला हसतमुखाने "या, या", म्हणजे जर्मनमध्ये हो, हो, म्हणते.

लिहिण्यात सुमारे तीस शब्दांचं पत्र. आमच्या पिढीचं पत्र तीस शब्दांत 'पत्रास कारण की'पर्यंतही पोचत नसे. ते असो. माझी खरी तक्रार वेगळीच आहे. या तयारीत हॉटेलची खोली राखून ठेवता येते, टोमॅटोचा भाव विचारता येतो, डॉक्टरची वेळ पुढे ढकलता येते. पण पोर दुकानात फरशीवर आडवं पडलं तर काय बोलायचं, याला एकही गुण नाही. सायलीने क्लासमध्ये शिकलेलं सगळं 'आपण'मधलं. त्या हिशोबाने चार वर्षांच्या कार्ट्याला सांगायचं, "बिट्टं," म्हणजे कृपया, "आपण नाक शिंकरावे." 'तू'तली वाक्यं आम्ही घरी वेगळ्या वहीत काढली: चप्पल घाल, खाली उतर, ते तोंडात घालू नकोस. वही भरली. पूर्वी आम्ही सायलीशी काय बोलायचो, ते आठवलं की पुढचं वाक्य सापडायचं.

सायली पास झाली. व्हिसाच्या तारखेची वाट बघत असताना त्या कुटुंबाशी व्हिडिओ कॉल झाला. आईबाप हळू, सुटं सुटं बोलले. सायलीला सगळं कळलं. मग त्यांचा चार वर्षांचा मुलगा पडद्याला नाक चिकटवून एका दमात काहीतरी बोलला. ते कुठल्याही स्टेशनवर ऐकवत नाहीत. सायली गप्प. प्रश्न आहे एवढं सुरावरून ओळखून मागून आई म्हणाली, "या, या!"

मुलगा आनंदाने ओरडत पळून गेला. त्याच्या आईने हसत, अगदी सावकाश, सायलीला कळेल अशा जर्मनमध्ये सांगितलं, की तू आल्यावर रोज जेवणाआधी चॉकलेट मिळेल का, असं तो विचारत होता.

व्हिसाच्या कागदांना ओ-पेअरचा करार जोडावा लागतो. तो आधीच सही होऊन आलाय. त्यात हे कलम नाही.