एक तरी चेकपॉइंट द्या!

रात्रीचे साडेअकरा, मुलुंडच्या आमच्या वन-रूम-किचनमध्ये सगळे झोपलेत आणि मी पुन्हा माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या (ब्लॉकच्या) व्हिडिओ गेममधल्या त्याच जंगल-पार्कूर, म्हणजे उड्या मारत पुढे जायच्या, मॅपवर पहिल्या ओंडक्याशी. सपाटीवर धावत उडी मारली तर जास्तीत जास्त 4 ब्लॉकची फट पार होते, एक ब्लॉक वर चढायचं असेल तर 3च. मग 4 ब्लॉकच्या फटीवर, डोकं आपटेल इतकं खाली पानांचं छप्पर कशाला? उडी अर्ध्यातच तुटते! वीस मिनिटांची चढाई पाण्यात, कारण मध्ये एकही चेकपॉइंट (पडल्यावर जिथून पुन्हा सुरू करता येतं ती जागा) नाही. परवा तर शेवटच्या वेलीपाशी पोचलो होतो, तेवढ्यात नेट अडकलं. मॅप बनवणाऱ्यांनो, शेवाळलेले दगड, वेली, सगळं जीव ओतून केलंय हो तुम्ही, म्हणूनच जास्त चीड येते. झाडागणिक एक चेकपॉइंट टाकायला काय जातं?